सर्व्हर डाऊन नसतो, कुणीतरी खातं धरून बसलेलं असतं

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

‘सर्व्हर डाऊन आहे, दुपारनंतर या’ असं ऐकून काउंटरवरून परत फिरलेल्या माणसांच्या बातम्या आपल्या जिल्हा पानावर अधूनमधून येतात. दर वेळी वाटतं की लिहावं, आणि राहून जातं. या वेळी बसलेच. गेली सत्तावीस वर्षं मी मिरज, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यातल्या पतसंस्था आणि दूध सोसायट्यांचे प्रोग्राम लिहिते, दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्त करते. त्या अनुभवावरून सांगते, ‘डाऊन’ म्हटलेल्या सर्व्हरपाशी जाऊन बघितलं तर पुष्कळदा तो धडधाकट चालू असतो. पंखा फिरत असतो, दिवा लुकलुकत असतो. अडलेलं असतं ते एक खातं. कुणीतरी ते उघडून ठेवलेलं असतं आणि बाकीचे सगळे ते सुटायची वाट बघत असतात.

मी हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं ते १९९९ च्या मार्चमध्ये. यंत्रमागाच्या गावातली एक पतसंस्था, नाव लिहीत नाही. व्यवस्थापकांच्या केबिनमधल्या संगणकावर अॅक्सेस ९७ या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची, म्हणजे खात्यांची माहिती साठवणाऱ्या प्रोग्रामची, फाइल आणि बाहेर काउंटरवर तारेने जोडलेले चार संगणक. प्रोग्राम व्हिज्युअल बेसिकमधला, दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेला. वर्षअखेर तोंडावर आली होती आणि ‘मशीन अडकतंय’ म्हणून मला बोलावलं होतं.

एक नंबरच्या काउंटरसमोर एक बाई सकाळी अकरापासून उभ्या होत्या. नवरा दवाखान्यात होता, ऑपरेशनसाठी ठेव मोडायची होती. कारकुनाने त्यांचा खाते क्रमांक टाकला की पडद्यावर वाळूचं घड्याळ यायचं आणि तिथेच राहायचं. त्याने तीनदा मशीन बंद करून चालू केलं. तेच. शेवटी त्याने ते नेहमीचं वाक्य म्हटलं. बाई म्हणाल्या, “मी इथंच थांबते,” आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

मी कोड उघडला. चूक आली की पुन्हा प्रयत्न कर, पुन्हा चूक आली की पुन्हा प्रयत्न कर, असा एक न संपणारा फेरा आधीच्या प्रोग्रामरने लावून ठेवला होता. हेतू चांगला असणार. पण त्या फेऱ्यामुळे मशीन जे सांगू पाहत होतं ते कुणापर्यंत पोचतच नव्हतं. मी तो फेरा काढला आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. पडद्यावर चूक क्रमांक ३२६० आली. बदल करता येत नाही, अमुक वापरकर्त्याने अमुक मशीनवरून लॉक केलं आहे, असा तिचा अर्थ. मशीनचं नावसुद्धा त्यात होतं: कॅश-२.

मी उठून दोन नंबरच्या काउंटरवर गेले. खुर्ची रिकामी. दीड वाजला होता, तिथला मुलगा आतल्या खोलीत डबा खायला गेला होता. पडद्यावर एका सभासदाचा पत्ता बदलण्याचा फॉर्म उघडा होता. ते खातं त्या बाईंचं नव्हतंच. क्रमांक ११४५. बाईंचा ११४७. आडनाव मात्र तेच, तो त्यांचा दीर निघाला. मी ‘रद्द’ दाबलं, आणि एक नंबरच्या कारकुनाने पलीकडून आवाज दिला, “मॅडम, आलं!”

बाईंना पावणेतीनला पैसे मिळाले. त्यांनी नोटा मोजल्या, पदराच्या गाठीत बांधल्या आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. साडेतीन-पावणेचार तास. मला तेव्हापासून ‘परफॉर्मन्स’ हा शब्द ऐकला की त्या भिंतीला टेकून बसलेल्या बाई आठवतात.

आता दिराचं खातं उघडं असताना भावजयीचं का अडावं? अॅक्सेस ९७ च्या पोटातलं जेट इंजिन एकेक नोंद वेगळी लॉक करत नसे. ते फाइलीचं अख्खं पान लॉक करी, आणि ते पान २,०४८ बाइटचं. सभासदाची एक नोंद साधारण ४०० बाइटची धरा, म्हणजे एका पानावर चार-पाच सभासद. संस्था उघडली तेव्हा एका बोळातली सगळी घरं एकाच दिवशी येऊन खाती काढून गेली होती, त्यामुळे क्रमांक लागोपाठचे, नोंदी एकाच पानावर. एकाचा पत्ता बदलायला घेतला की घरातले, शेजारचे सगळे अडायचे. नोंदीपुरता लॉक पुढे अॅक्सेस २००० बरोबर, जेट ४ मध्ये आला.

हे त्या संस्थेच्या जुन्या अकाउंटंट काकांना समजावून सांगायला मला एक मिनिटही लागलं नाही. ते म्हणाले, “म्हणजे खतावणीसारखंच की! एका बाडात दोनशे खाती. एकानं बाड आपल्या टेबलावर ओढलं की बाकीच्यांनी बसायचं हात चोळत.” अगदी तसंच. फक्त बाड कुणाच्या टेबलावर आहे ते मान वर केली की दिसायचं. संगणकातलं दिसत नाही, म्हणून त्याला ‘डाऊन’ हे नाव पडलं.

आणि पान लॉक झालं होतं ते फॉर्म उघडल्या क्षणापासून. ते कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. डीएओ नावाच्या ज्या पद्धतीने तो प्रोग्राम फाइलीशी बोलत होता, तिच्यात ‘लॉकएडिट्स’ नावाचं एक सेटिंग असतं. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर ते ‘ट्रू’ असतं. म्हणजे दुरुस्तीला हात घातला की लगेच लॉक, आणि जतन होईपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत तो तसाच. याला ‘पेसिमिस्टिक’ लॉकिंग म्हणतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, तसं. माणूस मागोमाग चढला तर ठीक. तो चहाला गेला तर रुमाल सीटवर आणि प्रवासी उभे.

‘फॉल्स’ केलं की दुसरी रीत, ‘ऑप्टिमिस्टिक’. लॉक फक्त जतन करण्याच्या क्षणापुरता. मधल्या वेळात कुणी तीच नोंद बदलली असेल तर इंजिन ३१९७ ही चूक देऊन थांबतं: तुम्ही वाचलं तेव्हाची नोंद आता तशी राहिलेली नाही. मी त्या रात्री संपूर्ण प्रोग्रामात ‘फॉल्स’ केलं. दुसऱ्या दिवसापासून काउंटर अडले नाहीत, पेढे वाटले गेले.

पण हे पत्र मी पेढ्यांसाठी लिहीत नाही. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या त्या दुरुस्तीने एका सभासदाचे १,२०० रुपये गिळले. ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्याचा मला अधिकार नाही.

खात्यात ८,४०० शिल्लक. एक नंबरवर त्याच सभासदाची ३,००० ची उचल सुरू, तीन नंबरवर पिग्मी एजंटाने आणलेले १,२०० जमा करायचे. दोन्ही मशीननी ८,४०० वाचले. तीन नंबरने आधी जतन केलं: ९,६००. मग एक नंबरने जतन दाबलं, तेव्हा इंजिनाने ३१९७ देऊन थांबवलं. थांबवायलाच हवं होतं. पण मी काय लिहून ठेवलं होतं? ही चूक आली तर पुन्हा एकदा जतन कर. मला वाटलं, दोघांची गाठ पडली असेल, दुसऱ्यांदा जाईल. दुसऱ्यांदा जातंच, पण ते दुसऱ्याचं लिहिलेलं पुसून जातं. ८,४०० वजा ३,००० म्हणजे ५,४०० लिहिले गेले. व्हायला हवे होते ६,६००.

रोजकीर्दीत दोन्ही नोंदी होत्या, म्हणून संध्याकाळी तेरीज जुळेना. काकांनी आणि मी रात्री साडेनऊपर्यंत एकेक व्हाउचर हाताने ताडून तो फरक शोधला. काका रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “रोजकीर्दच नसती तर?” त्या प्रश्नाने मला पुढची सगळी वर्षं कामाला लावलं आहे.

शिल्लक आधी वाचायची, माणसाच्या किंवा मशीनच्या डोक्यात वजाबाकी करायची आणि उत्तर परत लिहायचं, ही पद्धतच मी सोडली. आता डेटाबेसलाच एका वाक्यात सांगते: या खात्याच्या शिल्लकेतून ३,००० वजा कर, पण शिल्लक ३,००० किंवा जास्त असेल तरच. एकही ओळ बदलली नाही असं उत्तर आलं तर पैसे नाहीत, विषय संपला. हे वाक्य आणि रोजकीर्दीची नोंद एकाच व्यवहारात, दोन्ही होतील नाहीतर एकही नाही. लॉक तेव्हाही लागतो. पण तो सेकंदाच्या लहानशा तुकड्यापुरता, आणि तेवढ्या वेळात कुणी डबा खायला जाऊ शकत नाही. पत्ता, फोन नंबर, वारस अशा गोष्टींना ऑप्टिमिस्टिक रीत, आणि मधेच कुणी बदललं असेल तर दोन्ही मजकूर शेजारी शेजारी दाखवून माणसाला विचारायचं. पावती क्रमांक फॉर्म उघडताना घ्यायचा नाही, जतन करताना घ्यायचा. ही शेवटची गोष्ट लहान वाटते. पण ‘पुढचा क्रमांक’ साठवणारी ती एक ओळ सगळ्या काउंटरांना सामाईक असते, आणि ती धरून ठेवली की सगळी संस्था एका माणसामागे रांगेत उभी राहते.

लॉकबरोबर कर्सरचा घोळही सांगायला हवा. वाचकांना कर्सर म्हणजे पडद्यावर लुकलुकणारी रेघ वाटेल. डेटाबेसमधला कर्सर म्हणजे रजिस्टर वाचताना ओळीवर ठेवलेलं बोट. ते बोट कसं फिरणार हे प्रोग्रामरला ठरवावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या एडीओ या पद्धतीत, जिच्यात आपल्याकडचे हजारो जुने प्रोग्राम लिहिलेले आहेत, त्याचे चार प्रकार. फक्त खाली सरकणारं बोट, मागे यायचं नाही. रजिस्टरची झेरॉक्स घेऊन त्यावर बोट, म्हणजे नंतर मूळ रजिस्टरात काय बदललं ते कळायचं नाही. खाते क्रमांकांची चिठ्ठी करून घ्यायची आणि एकेक क्रमांक मूळ रजिस्टरात बघायचा. झालेले बदल दिसतात, नव्याने उघडलेलं खातं चिठ्ठीत नसतं. आणि चौथं, जिवंत रजिस्टरावरच बोट, दुसरे लिहितायत ते सगळं दिसतं, पण सगळ्यात महाग. काहीच सांगितलं नाही तर पहिला प्रकार मिळतो आणि सोबत ‘फक्त वाचा’ असा लॉक.

नवशिका प्रोग्रामर पहिल्या प्रकारात एकूण नोंदी किती असं विचारतो आणि उत्तर येतं उणे एक. तो चक्रावतो. शेजारचा सांगतो, कर्सर बदल. हा बदलतो, आकडा येतो, तो खूश. आता मधेच बदललेलं आपल्याला दिसणार की आपण शिळी प्रत चाळतोय, हेही आपण त्याच ओळीत ठरवून टाकलं, याची त्याला कल्पनाच नसते. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या कितीतरी प्रोग्रामांत कर्सर आणि लॉकचे आकडे ‘३, ३’ असे नुसते चिकटवलेले असतात. विचारलं तर, “सगळीकडे तसंच असतं.”

याहून वाईट गोष्ट कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेली आहे, पण फार थोडे ती वाचतात. कर्सर आपल्या मशीनवर ठेवायचा म्हटलं आणि पेसिमिस्टिक लॉक मागितला, तर एडीओ तो देत नाही. आणि ‘देत नाही’ असंही म्हणत नाही. जवळचा दुसरा लॉक देतं आणि पुढे जातं, चूक नाही, इशारा नाही. प्रोग्रामरला वाटतं खातं आपल्या ताब्यात आहे. ते उघड्यावर असतं. एका दूध सोसायटीत दहा दिवसांच्या बिलात असा फरक यायचा. संध्याकाळचं संकलन चालू असतानाच कुणीतरी फॅटची दुरुस्ती करायचं आणि एकाची दुरुस्ती दुसऱ्याच्या हाताने पुसली जायची. उत्पादकाला वाटायचं, सेक्रेटरी काटा मारतो. सेक्रेटरी भला माणूस होता, गावात त्याचं नाव खराब झालं. मी तो प्रोग्राम उघडला तेव्हा लॉक ‘पेसिमिस्टिक’ असंच लिहिलेलं होतं. ओळ बरोबर, अर्थ वेगळा. मिळालेला लॉक कोणता हे उघडल्यानंतर परत वाचून बघता येतं. ती एक जास्तीची ओळ लिहिलेली मी फार क्वचित पाहिली आहे.

कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं, आता सगळं ब्राउझरमध्ये चालतं. साधनं खरोखरच सुधारली. मायक्रोसॉफ्टच्याच एसक्यूएल सर्व्हर या मोठ्या डेटाबेसने १९९८ च्या ७.० आवृत्तीत ओळीपुरता लॉक पक्का केला. २००५ च्या आवृत्तीत अशी सोय आली की वाचणाऱ्याला लिहिणाऱ्यासाठी थांबावं लागू नये, त्याला आधीची पक्की झालेली प्रत दाखवावी. ओरॅकल आणि पोस्टग्रेस हे दुसरे डेटाबेस तर मुळातच त्या रीतीने चालतात. पण आपल्या इमारतीतल्या सर्व्हरवर एसक्यूएल सर्व्हर बसवला तर ती सोय आपोआप चालू नसते, कुणीतरी चालू करावी लागते. लॉकसाठी किती वेळ थांबायचं? न सांगितल्यास एसक्यूएल सर्व्हर कायमचा थांबतो, पोस्टग्रेसही कायमचा, मायएसक्यूएल या आणखी एका डेटाबेसचं इनोडीबी इंजिन ५० सेकंद. इकडे काउंटरवरचा जुना प्रोग्राम ३० सेकंदांनी कंटाळून ‘टाइमआउट’ म्हणतो. काउंटरवरच्या माणसाला ते तीस सेकंदांचं पांढरं पान दिसतं आणि तो म्हणतो, सर्व्हर डाऊन.

ब्राउझरच्या प्रोग्रामात तर दोन क्लिकांच्या मधे लॉक धरून ठेवताच येत नाही, ठेवूही नये. तिथे प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक द्यायचा आणि ‘मी वाचली तीच आवृत्ती अजून असेल तर लिही’ असं सांगायचं. प्रोग्राम आणि डेटाबेस यांना जोडणाऱ्या हायबरनेटसारख्या साधनांत त्यासाठी एक ‘व्हर्जन’ खूण लावायची असते, एका ओळीचं काम. लावली नाही तर शेवटी लिहील त्याचं खरं. माझ्या त्या १,२०० रुपयांची गोष्ट मला आजही, वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी लिहिलेल्या चकचकीत प्रोग्रामांत जशीच्या तशी सापडते.

अडकण्यावर आपल्याकडे एक रामबाण म्हणून चालतो: प्रत्येक अहवालाच्या वाक्यात ‘नोलॉक’ घालायचा. मला त्याची फार चीड आहे. नोलॉक म्हणजे, अजून पक्क्या न झालेल्या नोंदीही वाच. एखादी जमा अर्धवट लिहिलेली असते, पुढच्या क्षणी ती रद्द होते, पण अहवालात मोजली गेलेली असते. वाचत असताना ओळी हलल्या तर एखादी दोनदा मोजली जाते, एखादी सुटते. म्हणजे संचालक मंडळापुढे जाणारी रोख शिल्लक ही कुठल्याच क्षणी अस्तित्वात नसलेली शिल्लक असू शकते. पैशाच्या अहवालात तो शब्द दिसला की मी आधी तो खोडते आणि मग बाकीचं बोलते.

हे ज्ञान काही गुप्त नाही. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत ईश्वरन, जिम ग्रे, लोरी आणि ट्रेगर या चौघांनी १९७६ साली लॉकचा नियम निबंधात मांडला: एकदा लॉक सोडायला सुरुवात केली की त्या व्यवहारात नवा घ्यायचा नाही. लॉक न धरता शेवटी तपासून बघायची ऑप्टिमिस्टिक रीत कुंग आणि रॉबिन्सन यांनी १९८१ मध्ये मांडली. ग्रे यांना पुढे १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक, संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळालं. पन्नास वर्षं होत आली. आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमातही हे आहे, मुलं परीक्षेत सुरेख उत्तरं लिहितात. मी दर उन्हाळ्यात घरी आठ-दहा मुलामुलींना शिकवते, त्यांना विचारते, एकाच नोंदीवर दोन खिडक्यांतून कधी काम करून बघितलंय का? आजवर एकानेही हो म्हटलेलं नाही.

म्हणून पहिल्या दिवशी मी फक्त तेवढंच करायला लावते. एसक्यूएल सर्व्हरच्या दोन खिडक्या, दोन मुली शेजारी शेजारी. पहिलीने व्यवहार सुरू करून एका खात्याची शिल्लक बदलायची आणि पक्कं न करता हात मांडीवर ठेवून बसायचं. दुसरीने तेच खातं नुसतं वाचायचं. मागच्या मे महिन्यात दुसऱ्या खिडकीपाशी बसलेली मुलगी अर्ध्या मिनिटाने म्हणाली, “मॅडम, हँग झालं.” मी म्हटलं, हँग नाही झालं, वाट बघतंय, हिची. तिने वळून मैत्रिणीकडे बघितलं. मैत्रिणीने ‘कमिट’, म्हणजे ‘पक्कं कर’, दिलं आणि त्याच क्षणी हिच्या पडद्यावर आकडा उमटला. ती खुर्चीतून उठलीच. मग तिने स्वतःहून विचारलं, “आणि ही कमिट न देता घरी निघून गेली असती तर?” मग आम्ही तेच पोस्टग्रेसमध्ये केलं. तिथे वाचायला अडलं नाही, जुना आकडा लगेच मिळाला, पण बदलायला गेल्यावर थांबावंच लागलं. मग परत एसक्यूएल सर्व्हरवर येऊन दोन खात्यांत उलटसुलट रक्कम फिरवून डेडलॉक घडवला, बोळात दोन टेम्पो समोरासमोर यावेत तसा. सर्व्हरने एकीचा व्यवहार मोडून १२०५ क्रमांकाची चूक दिली. दोघींनी मिळून उपायही शोधला: रक्कम कुठूनही कुठे जावो, लहान क्रमांकाचं खातं आधी धरायचं. सगळं मिळून दीड तास. प्राध्यापक मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, प्रात्यक्षिकाचा एक तास यासाठी द्या. नवं यंत्र लागत नाही, दोन खिडक्या एका मशीनवरही उघडतात.

दुसरी विनंती पतसंस्थांच्या, सोसायट्यांच्या, सूतगिरण्यांच्या संचालकांना. सॉफ्टवेअर विकायला येणारा माणूस एक लॅपटॉप घेऊन येतो, एकटाच बसतो, एकटाच बटणं दाबतो. तिथे काहीच अडत नाही, कारण अडवायला दुसरं कुणी नसतं. डेमोच्या वेळी दोन खुर्च्या आणि दोन मशीन मांडा. त्यावर विक्रेत्याची माणसं बसवू नका, आपले रोजचे दोन कारकून बसवा. पहिल्याने एका खात्याची दहा हजारांची उचल भरावी आणि जतन न करता हात मागे घ्यावा. दुसऱ्याने तेच खातं उघडावं, मग त्याच्या शेजारच्या क्रमांकाचं. पडदा थांबला तर कुणामुळे थांबला हे पडद्यावर लिहून येतं का, बघावं. मग दोघांनी एकाच खात्यात एक जमा आणि एक उचल एकाच वेळी करावी आणि शिल्लक कागदावर मोजून ताडावी. शेवटी पहिल्या मशीनची वायर काढावी, आपल्याकडे वीज जातेच, आणि दुसऱ्याचं काम किती वेळात मोकळं होतं ते घड्याळ लावून बघावं. विक्रेता चांगला असेल तर त्याला याचा राग येणार नाही. आला, तर तेवढ्यावरून काय ते समजा.

हे करून बघायला कुणी बोलावलं तर मी मिरजेहून दोन तासांत पोचता येईल अशा कुठल्याही संस्थेत माझ्या खर्चाने येईन. फक्त दिवस महिनाअखेरीचा नको, कारण त्या दिवशी काउंटरपुढे माणसं उभी असतात.

आपली विश्वासू,
एक प्रोग्रामर, मिरज
(नाव व पत्ता संपादकांकडे)